चौथी तार की चौथी कॉर्ड? बास गिटार घेताना आणि शिकताना

गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा, मांडवात गर्दी, आणि ऐन वेळी गायिकेचा घसा बसलेला. "आज पांढरी एक झेपणार नाही, काळी पाच करा," ती म्हणाली. कीबोर्डवाले काका मान हलवून मोकळे झाले. घाम मला फुटला. ते गाणं मी बासवर इंटरनेटवरच्या आकड्यांवरून पाठ केलं होतं. तिसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट (दांड्यावरच्या, म्हणजे नेकवरच्या, आडव्या पट्ट्यांपैकी एक), मग चौथीचा पाचवा, असं. त्यातला कुठला सूर कुठला, याचा पत्ता नव्हता. मुखडा कसाबसा दोन फ्रेट खाली सरकवून निभावला. अंतरा सुरू झाला आणि काकांनी माझ्याकडे बघत चार बोटं वर केली. मला वाटलं, चौथी तार. मी ती मोकळी तार दणकावून वाजवली.

काकांना हवी होती चौथी कॉर्ड, म्हणजे 'सा'पासून चौथ्या सुरावर, मध्यमावर, उभारलेला सुरांचा गट. पेटीवरची पांढरी एक म्हणजे सी, काळी पाच म्हणजे बी फ्लॅट, आणि त्या 'सा'चा मध्यम ई फ्लॅट. माझी मोकळी चौथी तार ई. फरक अर्ध्या सुराचा, पण सगळ्यात खालच्या पट्टीत आणि मांडवातल्या सगळ्यात मोठ्या स्पीकरमधून. पुढच्या रांगेतल्या आजींनीही वाती वळायच्या थांबवून वर पाहिलं.

"अरे बाबा, चार म्हणजे म!" मध्यंतरात काका एवढंच बोलले.

तेव्हा माझ्या खांद्यावर जो बास होता तो माझा तिसरा. घरी आवाजाचा पोत बदलणारे पेडलही दोन होते. एवढ्या पैशांत काय करता आलं असतं, ते आज बास घ्यायला निघालेल्यांसाठी क्रमाने लिहितो.

पायरी १ : वाद्य निवडा, पण त्यात सहा महिने घालवू नका

लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणला. तोवर बास म्हणजे माणसाएवढा उभा डबल बास. त्याला फ्रेट नसत, बोट जरा चुकलं की सूर गेला. फ्रेटमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव 'प्रिसिजन'. १९६० मध्ये त्याच कंपनीचा जॅझ बास आला. दुकानात आज जे काही टांगलेलं दिसतं, त्यातलं बरंचसं या दोघांच्या घराण्यातलं.

प्रिसिजनला मधोमध दोन तुकड्यांचा एक पिकअप (तारांची थरथर टिपणारा भाग) असतो. आवाज भरीव, गाण्यात चटकन बसणारा. जॅझला दोन पिकअप, वरच्या टोकाला नेक निमुळती, आवाज जास्त स्पष्ट. बोटं लहान असतील तर जॅझ हाताला सोपा जातो. एक सांगून ठेवतो: साधे सिंगल कॉइल पिकअप असलेल्या जॅझचा एकच पिकअप चालू ठेवला, तर मांडवातल्या लाइटिंगशेजारी तो गुणगुणतो. दोन्हींचे आवाज सारखे ठेवले की गुणगुण बरीच कमी होते.

नव्या माणसाने चार तारांचा, ३४ इंच स्केलचा (स्केल म्हणजे तारेची वाजती लांबी) साधा पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेला, बास घ्यावा. यामाहा, आयबानेझ, कोर्ट, स्क्वायर यांचे सुरुवातीचे मॉडेल पुरेसे आहेत. उंची कमी असेल किंवा मुलासाठी घ्यायचा असेल तर ३० इंचांचा शॉर्ट स्केल बघा. मुंबईत धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या दुकानात जाऊन वाद्य हातात घेता येतं, ती संधी सोडू नका. उभं राहून, पट्टा लावून पाच मिनिटं वाजवा. डावा हात सोडला की नेक जमिनीकडे झुकते का बघा. झुकत असेल तर तो बास ठेवून द्या, रंग कितीही आवडला तरी.

अ‍ॅक्टिव्ह बासमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते आणि बहुतेक बासमध्ये केबल खोचली की ती चालू होते. वाजवून झाल्यावर केबल तशीच ठेवली तर रात्रभर उतरत राहते. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तिसऱ्या गाण्याला माझा आवाज फाटत फाटत बंद पडला, तेव्हा हे मला कळलं.

पायरी २ : सेटअपसाठी पैसे बाजूला काढा

महागाचा बास घेऊन सेटअप (तारांची उंची, नेकचा बाक वगैरे नीट लावणं) न करणाऱ्यापेक्षा स्वस्त बास घेऊन सेटअप करणारा सुखी. नवीन वाद्यही क्वचितच नीट लावलेलं येतं. तार फार वर असेल तर बोटं दुखतात, आणि नवा माणूस समजतो की आपल्याला जमत नाही.

घरी तपासायला व्हिजिटिंग कार्ड पुरतं. चौथी तार पहिल्या फ्रेटवर दाबून धरा, तीच तार उजव्या हाताने अगदी शेवटच्या फ्रेटवर दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्या फटीत कार्ड सरकवून पाहा. जेमतेम घासत गेलं तर नेकचा बाक ठीक आहे. ती फट साधारण ०.३ मिलिमीटरची असावी. कार्ड आत जातच नसेल किंवा सैल लटपटत असेल, तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) फिरवायला हवा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि हात कापत असेल तर कारागिराकडे द्या. कोकणातला किंवा मुंबईचा पावसाळा लाकडाला स्वस्थ बसू देत नाही. जूनमध्ये आणि दिवाळीनंतर अशी वर्षातून दोनदा ही तपासणी करा.

मग इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर नेमका लागतो का ते. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं हलकं टेकून हार्मोनिक काढा, नंतर तिथेच दाबून वाजवा आणि दोन्ही ट्यूनरवर बघा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तार जिथे टेकते तो तुकडा) मागे, नेकपासून लांब न्या, उतरता असेल तर पुढे. चारही तारांना अर्धा तास लागतो.

तारा बदलल्याने आवाजात जेवढा फरक पडतो, तेवढा अनेक पेडलनी पडत नाही. राउंडवाउंड (गोल वेटोळ्याच्या) तारा खणखणीत, फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्याच्या) गुळगुळीत आणि खोल. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या साठच्या दशकातल्या कितीतरी रेकॉर्डवर जेम्स जेमरसन वाजला, तो १९६२ च्या एका प्रिसिजनवर, फ्लॅटवाउंड तारांवर, उजव्या हाताच्या एका तर्जनीने. तारा तो सहसा बदलतच नसे. हे ऐकून मी तेव्हा काय केलं? फ्लॅटवाउंड तारा विकत घेतल्या. जेमरसन शाळेत डबल बास शिकला होता आणि डेट्रॉइटच्या क्लबांत जॅझ वाजवून तयार झाला होता, हा भाग मी सोयीने वगळला.

पायरी ३ : अँप

घरासाठी वीस-तीस वॉटचा छोटा बास अँप (अँप्लिफायर), किंवा ऑडिओ इंटरफेस (वाद्य कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) आणि बरे हेडफोन. बासची मोकळी चौथी तार ४१ हर्ट्झच्या आसपास थरथरते. हा आवाज भिंत ओलांडून शेजाऱ्यांकडे जातो, आणि मोबाइलच्या स्पीकरमधून मात्र तुम्हाला ऐकूच येत नाही. म्हणून गाणं ऐकून बास उतरवायचा तर हेडफोनच हवेत. साध्या गिटारच्या अँपमध्ये बास जोरात वाजवू नका, स्पीकर फाटू शकतो. ड्रमरसोबत तालीम सुरू झाली की दोन-तीनशे वॉटचा विचार करा, त्याआधी नको. कार्यक्रमात बहुतेक ठिकाणी डीआय बॉक्समधून (बास मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या डबीतून) आवाज थेट साउंडवाल्याकडे जातो.

गियरचं एवढं पुरे.

पायरी ४ : दोन तारांवरचे सूर नावासकट पाठ करा

चार तारा, जाडीकडून बारीककडे: ई, ए, डी, जी. चारही सध्या नकोत. जाड दोन घ्या. चौथ्या तारेवर मोकळी ई, मग एफ पहिल्या फ्रेटवर, जी तिसऱ्या, ए पाचव्या, बी सातव्या, सी आठव्या, डी दहाव्या आणि बाराव्यावर पुन्हा ई. तिसऱ्या तारेवर मोकळी ए, बी दुसऱ्यावर, सी तिसऱ्या, डी पाचव्या, ई सातव्या, एफ आठव्या, जी दहाव्या. शेजारीशेजारी फक्त दोन जोड्या, ई-एफ आणि बी-सी. बाकी प्रत्येक ठिकाणी एक फ्रेट सोडायचा.

रोज दहा मिनिटं, वाजवताना नाव मोठ्याने म्हणायचं. घरचे हसतील. महिन्याभरात डोळे मिटून सापडायला लागतात.

पायरी ५ : सा, प आणि दोन गंधार

पेटीवर भजन वाजवणाऱ्याला किंवा थोडंफार गाणं शिकलेल्याला इथे आयती मदत आहे. आपला सा सरकता असतो. बासवरच्या आकृत्याही सरकत्या असतात. तिसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सी हा सा धरा. पुढच्या, म्हणजे बारीककडच्या, तारेवर दोन फ्रेट वर, म्हणजे पाचव्यावर, प. आणखी एक तार पुढे, त्याच पाचव्या फ्रेटवर, वरचा सा. ही आकृती नेकवर कुठेही उचलून ठेवा, ती तशीच राहते.

आता गंधार. त्याच सी साठी दुसऱ्या तारेचा दुसरा फ्रेट शुद्ध ग, पहिला फ्रेट कोमल ग. मेजर आणि माइनर कॉर्डमधला सगळा फरक एवढाच, एका फ्रेटचा. सी वाजवून दोन्ही गंधार आलटून पालटून लावा. कान आधी ओळखतो, नाव नंतर चिकटतं.

मेजर स्केल म्हणजे बिलावल थाटाचेच सूर. काफीचे सूर डोरियन मोडचे (मोड म्हणजे पाश्चात्त्य संगीतातला थाटासारखा सुरांचा संच), खमाजचे मिक्सोलिडियनचे, भैरवीचे फ्रिजियनचे. हे कळल्यावर मोड या शब्दाची माझी भीती गेली. पण थाट कळला म्हणजे हार्मनी आली, असं समजू नका. तानपुऱ्याचा सा मैफलभर हलत नाही. बासवाल्याच्या पायाखाली मात्र दर कॉर्डला जमीन सरकते, आणि ती कुठे गेली हे बाकीच्यांना त्यानेच सांगायचं असतं.

पायरी ६ : एक कॉर्डमाला, चार मात्रा

सी, ए माइनर, एफ, जी. ही माळ हजार गाण्यांत भेटेल. प्रत्येक कॉर्डला चार मात्रा. आधी फक्त मूळ सूर, म्हणजे कॉर्डच्या नावाचा सूर, वाजवा, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर. मग तिसऱ्या मात्रेला त्या कॉर्डचा पंचम आणा. मग चौथ्या मात्रेला पुढच्या कॉर्डच्या शेजारचा सूर:

सी सी जी बी । ए ए ई जी । एफ एफ सी एफ शार्प । जी जी डी बी

शेवटचा बी पुन्हा सी मध्ये ओढून नेतो. एफ शार्प सी मेजरमध्ये नाही, तरी खटकत नाही, कारण तो एका मात्रेत जी वर जाऊन टेकतो. माझ्या ई ला टेकायला जागाच नव्हती.

याच मूळ सुरांना आकडे द्या: एक, सहा, चार, पाच. आता कोणी बोटं दाखवली तर ती तारेची नाहीत, हे तुम्हाला कळेल. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये सोल्फेज (डो-रे-मी) आणि स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची स्वरलिपी) शिकलेले वादक मुंबईत आले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांचा कणा झाले, ते याच बळावर. समोर कागद ठेवला की वाजवायला तयार. उलट बाजूही खरी आहे: बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला नोटेशन वाचता येत नाही, हे तो स्वतःच सांगतो. पण कुठल्या कॉर्डखाली कुठला सूर ठेवायचा, हे त्याच्या कानाला पक्कं ठाऊक आहे. वाचन उशिरा आलं तरी चालेल, ही जाण उशिरा नको.

पायरी ७ : कीबोर्डवाल्याला हात न लावता त्याची कॉर्ड बदला

हा प्रयोग मित्राला समोर बसवून करा. त्याला सी, ई, जी हे तीन सूर दाबून धरायला सांगा आणि हात हलवू नको म्हणा. तुम्ही खाली सी वाजवा: सी मेजर, घर. आता ए वाजवा. मित्राने काहीच केलं नाही, पण ए, सी, ई, जी मिळून ए माइनर सेव्हन झाली आणि खोलीतला उजेड मंदावल्यासारखा वाटला. आता ई वाजवा. कॉर्ड सी चीच आहे, पण टेकायला तयार नाही, पुढे चला म्हणतेय.

कुठलाही पेडल हे करून देत नाही. मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा दोन पेडल विकायला काढले. (एक अजून गेलेला नाही.)

पायरी ८ : पाच तारांचा बास केव्हा?

सहाव्या पायरीतली माळ आता काळी पाचवर न्या. सगळं दोन फ्रेट खाली. सी चा बी फ्लॅट होतो, तिसऱ्या तारेचा पहिला फ्रेट. ए चा जी, चौथीचा तिसरा. जी चा एफ, चौथीचा पहिला. आणि एफ? तो चौथीच्या पहिल्या फ्रेटवर होता. त्याच्या खाली एकच फ्रेट उतरलात की मोकळी तार येते, ई. ई फ्लॅटसाठी नेकच संपते. माझं नेमकं तिथेच फसलं होतं.

चार तारांवर उपाय आहे: तिसऱ्या तारेचा सहावा फ्रेट. सूर तोच, पण वरच्या सप्तकातला. ओळ खाली उतरायच्या ऐवजी उडी मारते. बहुतेक गाण्यांत ते चालतं, कधी कधी तेच जास्त छान लागतं. पण कार्यक्रमामागून कार्यक्रम तुम्हाला ती उडी खुपायला लागली, गायक सारखे काळी दोन आणि काळी एक मागायला लागले, आणि खालचा सूर हवाच आहे हे तुमचा कान सांगायला लागला, की मग पाच तारांचा बास घ्या. त्याला ई च्या खाली बी ची तार असते, आणि काकांना हवा असलेला ई फ्लॅट तिथे सापडतो: पाचवी तार, चौथा फ्रेट.