बरोबरी घ्यायची की डाव लढवायचा?
सोलापूरच्या मे महिन्यातल्या बुद्धिबळ स्पर्धेत, दुपारच्या फेरीला डोकं तापलेलं असतं; समोरच्याने बरोबरी विचारली की हात आपसूक पुढे जातो. थांबा. तुम्ही तोंडी नकार देईपर्यंत किंवा खेळायला मोहऱ्याला हात लावेपर्यंत प्रस्ताव कायम राहतो, त्याला तो मागे घेता येत नाही. तेव्हा आधी घड्याळ बघा, मग निवांत पट. हत्ती-प्यादं विरुद्ध नुसता हत्ती, आणि प्यादं तुमचं? खेळत राहा, हरायची भीती फारशी नाही. उंटासोबत एकच कडेचं प्यादं उरलं असेल तर त्याच्या वजीर होण्याच्या घराचा रंग तपासा. तो उंटाच्या रंगाचा नसेल आणि समोरचा राजा त्या कोपऱ्यात पोचला असेल, तर बरोबरी घेऊन टाका, उगाच घाम गाळू नका. समोरच्याचं मानांकन मोठं म्हणून मात्र हुरळू नका. त्याने आपणहून विचारलं म्हणजे बहुधा त्यालाच आपली स्थिती आवडलेली नसते.