मानवी मूलपेशींच्या वाढीवर व विभेदनावर क्रोमॅटिनचे नियंत्रण कसे तपासावे

क्रोमॅटिनचे (डीएनए आणि त्याला गुंडाळून ठेवणारी हिस्टोन प्रथिने यांच्या रचनेचे) नियमन करणारे एखादे प्रथिन निष्क्रिय केल्यावर मूलपेशींपासून अपेक्षित पेशी तयार झाल्या नाहीत, एवढ्यावरून ते प्रथिन विभेदनासाठी (मूलपेशीचे विशिष्ट प्रकारच्या पेशीत रूपांतर होण्यासाठी) आवश्यक आहे असे म्हणता येत नाही. पेशींची वाढ मंदावली असेल किंवा त्या मरत असतील, तरीही परिणाम असाच दिसतो. म्हणून वाढ आणि विभेदन यांचे मोजमाप पहिल्यापासून वेगळे ठेवावे.

प्रयोगाआधी पेशींची गुणसूत्रे तपासून घ्यावीत. दीर्घकाळ संवर्धनात ठेवलेल्या मानवी बहुक्षम (शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या) मूलपेशींत विसाव्या गुणसूत्रावरील २०क्यू११.२१ या भागाच्या जादा प्रती वारंवार आढळतात आणि तेथील बीसीएल२एल१ जनुकामुळे अशा पेशी मृत्यूला सहजासहजी दाद देत नाहीत. हा फायदा क्रोमॅटिनच्या खात्यावर जमा होऊ नये.

उदाहरणादाखल ईझेडएच२ हे विकर (एन्झाइम) घेऊ. मूलपेशींत विकासाशी निगडित अनेक जनुकांच्या आरंभस्थानी एच३के४एमई३ ही सक्रियतेची आणि एच३के२७एमई३ ही दमनाची अशा दोन्ही खुणा (एच३ या हिस्टोन प्रथिनावर जोडलेले मिथाइल गट) एकत्र असतात, त्यामुळे जनुक शांत राहते, तरी योग्य संकेत मिळताच चालू होऊ शकते. यांपैकी दमनाची खूण पीआरसी२ या प्रथिन-संकुलातील ईझेडएच२ उमटवते. ईझेडएच२चा अवरोधक (त्याचे काम थांबवणारे रसायन) दिल्यावर विकर लवकर थांबते, परंतु आधी उमटलेल्या खुणा मुख्यतः पेशीविभाजनांमधून हळूहळू विरळ होतात. म्हणून काही दिवस थांबून वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनाचे प्रमाण पट्ट्यांवरून दाखवणारी चाचणी) करावा: एकूण एच३चा पट्टा अवरोधक दिलेल्या व न दिलेल्या दोन्ही नमुन्यांत सारखाच गडद आणि अवरोधक दिलेल्या नमुन्यात दमनाच्या खुणेचा पट्टा मात्र फिका दिसला, तरच विभेदन सुरू करावे. घाईने केलेल्या प्रयोगात जुन्याच खुणांचा परिणाम मोजला जातो.

पेशी सुट्या करून पेरताना दोन्ही गटांत घनता सारखी ठेवावी आणि रॉक-अवरोधक (रॉक हे विकर थांबवून पेशी जगवणारे रसायन) द्यावा, कारण एकट्या पडलेल्या मानवी मूलपेशी सहज मरतात. वाढीसाठी पेशींची संख्या, ईडीयूचा (नव्याने बनणाऱ्या डीएनएत सामावणाऱ्या रेणूचा) समावेश आणि मृत पेशींचे प्रमाण पाहावे. ॲक्टिव्हिन-ए हे संकेत-प्रथिन वापरून अंतःस्तर (भ्रूणाचा सर्वांत आतला पेशीथर) घडवताना सॉक्स१७ व फॉक्सए२ ही त्या थराची ओळख पटवणारी प्रथिने दाखवणाऱ्या पेशींची टक्केवारी फ्लो सायटोमेट्रीने (एकेक पेशी मोजणाऱ्या पद्धतीने) जिवंत पेशींपुरती काढावी आणि मूलपेशी-अवस्थेचे ऑक्ट४ हे प्रथिन कधी उतरते याचीही नोंद ठेवावी.

त्यानंतर वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या नमुन्यांवर कट-अँड-रन (खूण डीएनएवर कोठे आहे ते दाखवणारी पद्धत) आणि एटॅक-सीक (क्रोमॅटिनचे खुले भाग दाखवणारी पद्धत) करावे. खूण सर्व जीनोमभर घटत असल्यास नेहमीचे सामान्यीकरण (नमुने तुलनेसाठी एकाच पातळीवर आणणे) ती घट झाकून टाकते. त्यासाठी प्रत्येक नमुन्यात परक्या जीवाचा डीएनए ठरावीक प्रमाणात मिसळावा, ही पायरी कधीही गाळू नये.

शेवटी ईझेडएच२ नसलेल्या पेशींत एकदा मूळ प्रथिन आणि एकदा त्याचे उत्प्रेरणक्षमता नसलेले (मिथाइल गट जोडू न शकणारे) रूप परत घालावे. मूळ प्रथिनानेच विभेदन पूर्ववत झाले, तर मिथाइलीकरण (मिथाइल गट जोडण्याची क्रिया) कारणीभूत ठरते. दोन्हींनी झाले, तर त्या प्रथिनाची भूमिका संरचनात्मक असण्याची शक्यता तपासावी लागते.