फणसाच्या लाकडाची वाटी कातताना

कोकणात फणसाचं लाकूड दारं-खिडक्यांना, पाटांना, देव्हाऱ्याला लागतं. लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायच्या यंत्रावर, मात्र ते क्वचितच चढतं. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याच्या पांढऱ्या लाकडावर रंगीत लाख चढवून करतात. फणसाच्या गाभ्यात हळदीसारखा पिवळा रंग मुळातच असतो. शिसवीच्या मानाने लाकूड मऊ, म्हणून नवशिक्यालाही जमतं.

वादळात पडलेलं झाड किंवा जाड फांदी बघा. शक्यतो दिवाळीनंतरचं काम धरा, पावसाळी हवेत लाकूड वाळत नाही. ओंडका कापल्या कापल्या दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट फासा, नाहीतर टोकांकडून भेगा पडतात. मग ओंडका लांबीत उभा चिरून अगदी मधला भाग काढून टाका. तो वाटीत राहिला तर वाटी तिथेच तडकते. सालीचा चीक हत्याराला चिकटतो. फणस कापताना विळीला लावतो तसं पात्याला खोबरेल पुसा.

आता 20 सेंटीमीटर व्यासाचा गोल कापून फेसप्लेटवर, म्हणजे लेथच्या फिरत्या दांड्यावरच्या लोखंडी चकतीवर, स्क्रूने घट्ट बसवा. समोरच्या टोकाला टेलस्टॉकचा (लेथच्या सरकत्या टेकूचा) आधार द्या, वेग मिनिटाला 500 ते 600 फेऱ्यांच्या आसपास ठेवा. तोंडावर पूर्ण शील्ड आणि नाकाला मास्क हवाच, बारीक भुसा श्वासात जाऊ देऊ नका. बाहेरची बाजू बुडाकडून काठाकडे काता आणि बुडाला चकच्या (लेथच्या जबड्यांच्या) पकडीसाठी आखूड गोल खुंटी ठेवा. मग वाटी उलटी करून चकमध्ये धरा आणि आतून काठाकडून मध्याकडे कोरा. असं कातलं की कापल्या जाणाऱ्या तंतूला खालच्या तंतूचा आधार मिळतो.

भिंत या वेळी जाड ठेवायची, व्यासाच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे 2 सेंटीमीटर. वाटी तिच्याच ढलप्यांसकट कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवा. दर पंधरा दिवसांनी वजन करून तारखेसह पिशवीवर लिहा. लागोपाठ तीन वेळा वजन सारखं आलं की वाळली. याला काही महिने लागतात. इथे घाई केलीत तर आधीची सगळी मेहनत वाया जाते, हे मी दोन फुटलेल्या वाट्यांवरून सांगतो.

वाळलेली वाटी लंबगोल झालेली दिसेल, ते साहजिक आहे. आधी खुंटी पुन्हा गोल करून घ्या, मग वाटी चकमध्ये धरून भिंत 6-7 मिलिमीटरवर आणा. प्रत्येक फेरीत दोन ठिकाणी तंतूंची टोकं समोर येतात आणि मऊ लाकूड तिथेच उपटलं जातं. त्यावर काचपेपर घासत बसू नका. गोल पटाशीला नव्याने धार लावा, त्या जागेला तेलाचं बोट पुसा आणि अगदी हलका शेवटचा हात फिरवा. मग 120, 180, 240, 320 नंबरचा काचपेपर, जाड्याकडून बारीककडे, क्रमाने लावा.

शेवटी कच्चं जवसाचं तेल पातळ चोळून जास्तीचं पुसून घ्या. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

पिवळा रंग उजेडात हळूहळू तांबूस तपकिरी होतो. तेलाने तो थांबत नाही, आणि मला तो तपकिरी जास्त आवडतो. ताज्या पिवळ्या ढलप्या मात्र टाकू नका. म्यानमार-थायलंडात भिक्खूंची वस्त्रं याच गाभ्याच्या काढ्यात रंगवत. घरी तुरटीच्या पाण्यात भिजवलेला सुती रुमाल ढलप्यांच्या काढ्यात उकळून बघा.