नॅरोबोटवर या चुका टाळा: गाडीच्या आणि फ्लॅटच्या सवयी

इंग्लंडमधली घरभाडी बघून बोटीवर राहायचा विषय हल्ली आपल्या मंडळींच्या गप्पांतही निघतो. स्लाऊ, मिल्टन कीन्स, लेस्टर, बर्मिंगहॅम, मराठी माणूस नोकरीला गेला त्या बहुतेक गावांतून कालवा जातोच. सुटीच्या दिवशी काठाने चालताना रंगवलेली लांबुळकी, अरुंद बोट, म्हणजे नॅरोबोट, दिसते आणि वाटतं, हे आपल्याला जमेल. जमतंही. पण गाडी चालवायची आणि फ्लॅटमध्ये राहायची सवय अंगात मुरलेली असते. ती तशीच बोटीवर येते आणि नवशिक्यांच्या निम्म्याहून जास्त चुका तिथूनच सुरू होतात.

आतलं किचन बघून बोट घेणे

फ्लॅट बघायला गेलो की आपण आधी किचन बघतो, मग बाथरूम. बोटीत बघायचं असतं ते पाण्याखालचं पोलाद. साधारणपणे तळाचा पत्रा 10 मिमी, बाजू 6 मिमी आणि केबिन 4 मिमी असते. गंजून, खड्डे पडून ही जाडी कमी होत जाते आणि कुठेही 4 मिमीच्या खाली गेली की अनेक विमा कंपन्या हात वर करतात. म्हणून बोट पाण्याबाहेर काढून अल्ट्रासाऊंडने जाडी मोजणारा स्वतंत्र सर्वेक्षक नेमा. विकणाऱ्याने दाखवलेल्या जुन्या अहवालावर विसंबू नका. हा खर्च वाचवणाऱ्यांना पुढे सगळा तळ नव्या पत्र्याने मढवून घ्यावा लागतो.

घेतल्यानंतरही दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून तळाला डांबरी रंग द्यावा लागतो. गोड्या पाण्यात तळाला मॅग्नेशियमचे ॲनोड लावतात, ते पोलादाऐवजी स्वतः झिजतात. मरीनामध्ये (बोटी बांधून ठेवायच्या तळावर) काठावरची वीज जोडली असेल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर हवाच. तो नसेल तर अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटी आणि तुमची बोट मिळून एक मोठी बॅटरी तयार होते आणि तुमचं पोलाद गुपचूप झिजत राहतं.

लांबीचाही विचार आधी करा. जेम्स ब्रिंडलीच्या काळात, 18व्या शतकात, मिडलँड्समधली लॉक (बोट वर-खाली नेणारे, दोन्हीकडे दारं असलेले पाण्याचे हौद) सुमारे 72 फूट लांब आणि 7 फूट रुंद बांधली गेली. म्हणून नॅरोबोटची रुंदी आजही 6 फूट 10 इंच असते. पण सगळीकडची लॉक 72 फुटी नाहीत. यॉर्कशायरमधल्या कॅल्डर अँड हेबलवर 57 फुटांच्या आसपासचीच बोट सरळ मावते. सगळीकडे फिरायचं असेल तर 57 फूट हा सुरक्षित आकडा. ऐसपैस म्हणून रुंद वाइडबीम घेतलीत तर अरुंद लॉकचे सगळे कालवे तुम्हाला बंद.

आणि पत्ता? कायम मुरिंग (बोट बांधायची ठरलेली जागा) घेतलं म्हणजे तिथे राहायची परवानगी मिळाली असं नाही. बरीच मुरिंग फक्त फिरायच्या बोटींसाठी असतात. मुरिंगच न घेता सतत फिरत राहायचं, तर 1995च्या कायद्यानुसार एका जागी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि त्याच दोन पुलांमध्ये ये-जा करणं ‘फिरणं’ धरत नाहीत. 2024च्या एप्रिलपासून अशा बोटींना लायसन्सवर अधिभारही लागतो. मुलांची शाळा, डॉक्टर, बँक यांचं गणित आधी मांडा. रंग कोणता द्यायचा ते मग ठरवा.

ब्रेक आहे असं समजून चालवणे

57 फुटी बोटीचं वजन 15 टनांच्या पुढे जातं आणि तिला ब्रेक नसतो. थांबायचं तर रिव्हर्स टाकायचा, तोही बराच आधी. रिव्हर्समध्ये सुकाणू जवळपास निकामी असतं, बोट तिला हवी तिकडे जाते. टिलर (सुकाणूचा दांडा) उजवीकडे ढकलला की नाळ, म्हणजे पुढचं टोक, डावीकडे वळते, आणि वळताना बोट मधोमध फिरते, म्हणजे मागचं टोक उलट दिशेला झाडतं. टिलरच्या फिरण्याच्या कक्षेत उभं राहू नका. सुकाणू तळाला आपटलं तर टिलर एका फटक्यात माणसाला पाण्यात टाकतो. कोणी पडलंच तर पहिलं काम गिअर न्यूट्रलमध्ये आणणं, कारण बोट ढकलणारा पाण्याखालचा पंखा फिरत असतो. त्याला वाचवायला रिव्हर्स टाकणं ही सगळ्यात घातक चूक.

समोरून बोट आली तर उजवीकडे व्हायचं. इंग्लंडमध्ये रस्त्यावर डावी बाजू आणि पाण्यात उजवी, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याचा हात गडबडीच्या क्षणी हमखास चुकीकडे जातो.

वेगमर्यादा ताशी 4 मैल आहे, आणि बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन निवांत गुरगुरेल इतकंच ठेवायचं. जोरात गेलात तर शेजाऱ्याची बोट ओढली जाते, काठात ठोकलेल्या मेखा उपटतात, आत चहा सांडतो, आणि मग तो इंग्रज गृहस्थ बाहेर येऊन जे बोलतो ते ऐकण्यासारखं नसतं. शिवाय उथळ कालव्यात थ्रॉटल वाढवून वेग वाढतच नाही. मागचं टोक खाली बसतं, काठावर लाट फुटते आणि डिझेल जळतं. काठाला फेसाळलेली लाट दिसली की वेग कमी करा.

बोट गाळात रुतली तरी गाडी चिखलातून काढल्यासारखं पुढे रेटू नका. आलात त्या वाटेने हळू रिव्हर्स घ्या, माणसांना मोकळ्या बाजूला उभं करा आणि बांबूने काठापासून रेटा.

लॉकमध्ये उंबरठा विसरणे

बोटी बुडतात त्या बऱ्याचदा इथे. लॉकच्या वरच्या दाराखाली दगड-काँक्रीटचा उंबरठा असतो. लॉक भरलेलं असताना तो पाण्याखाली दडलेला असतो. खाली उतरताना बोट मागे सरकून तिचं मागचं टोक त्या उंबरठ्यावर आलं, तर पाणी उतरत जातं तसं मागचं टोक तिथेच टेकून राहतं आणि नाळ खाली जात राहते. पुढच्या डेकवरून पाणी आत शिरलं की काही मिनिटांत खेळ संपतो. लॉकच्या भिंतीवर पांढरी रेघ असते, तिच्या पुढेच राहायचं, आणि लॉक रिकामं होईपर्यंत बोट पुढे आहे ना हे बघत राहायचं.

टेकलीच तर? खालची पॅडल (पाणी सोडायच्या झडपा) ताबडतोब बंद. पाणी जायचं थांबलं की वरचं पॅडल हळू उघडून लॉक परत भरायचं. वरचं पॅडल आधी उघडण्याची घाई नको. म्हणूनच पॅडलपाशी उभ्या असलेल्या माणसाची नजर बोटीवरच हवी, हातातल्या फोनवर नव्हे. टिलरवरच्या माणसाने हात वर केला की प्रश्न न विचारता पॅडल पाडायचं, हे आधीच ठरवून ठेवा. नवरा-बायकोची लॉकवरची भांडणं मी पुष्कळ ऐकली आहेत, त्यातली बहुतेक या एका ठरावाने टळली असती.

दोर बोलार्डला (काठावरच्या खुंटाला) गाठ मारून बांधू नका. एक वेढा घालून सैल सोडता येईल असा हातात धरा, नाहीतर उतरताना बोट दोराला लटकते. चढताना उलट धोका: नाळेचा फेंडर (धक्का झेलणारी गादी) वरच्या दाराच्या आडव्या लाकडाखाली अडकला तर पुढचं टोक दाबलं जातं आणि पाणी आत येतं. मग उलटं करायचं, भरणारी पॅडल बंद आणि गरज पडल्यास लॉक रिकामं. विंडलास, म्हणजे पॅडल फिरवायची लोखंडी किल्ली, दांड्यावर तशीच ठेवून हात सोडू नका. खिट्टी सुटली तर ती गरगर फिरून हात किंवा जबडा फोडते.

जिथे लॉकला लॉक लागून जिना केलेला असतो तिथे क्रम महत्त्वाचा. लेस्टरशायरमधल्या फॉक्स्टनला पाच-पाच लॉकचे दोन जिने आहेत, आणि तिथे लाल पॅडल आधी, पांढरं नंतर. उलटं केलंत तर पाणी भलतीकडे जातं. तिथे लॉककीपर असतात, त्यांना विचारायला लाजू नका.

निघताना पॅडल बंद झाली की नाही ते परत पाहा. एक पॅडल अर्धवट उघडं राहिलं तर रात्रीत दोन लॉकमधलं पाणी उतरतं आणि सकाळी तिथल्या बोटी तिरक्या होऊन गाळात बसलेल्या असतात.

भिंतीतून येते तशी वीज समजणे

साध्या लेड-ॲसिड बॅटरीला आराम दिल्यावर 12.7 व्होल्ट दिसले तर ती भरलेली, 12.2च्या आसपास म्हणजे निम्मी. रोज त्याखाली नेलीत तर थोड्याच काळात बदलावी लागते. इंडक्शन, मायक्रोवेव्ह, इलेक्ट्रिक राइस कुकर हे इन्व्हर्टरवर चालतात खरे, पण बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. गॅसवर साधा प्रेशर कुकर उत्तम. डिसेंबरात सोलरवर भिस्त ठेवू नका. काठाला बांधलेलं असताना चार्जिंगसाठी इंजिन सकाळी 8 ते रात्री 8 एवढ्या वेळातच चालवायचं असतं. गॅस प्रोपेनचाच घ्या, ब्यूटेन थंडीत गोठल्यासारखा निपचित पडतो.

भात, आमटी, अंघोळ यांची वाफ पोलादी भिंतींवर पाणी होऊन उतरते. त्यावर उपाय म्हणून, किंवा वारा येतो म्हणून, लोक व्हेंट बुजवतात. असं कधीही करू नका. शेगडीचा कार्बन मोनॉक्साइड बंद बोटीत जीव घेतो. त्याचा अलार्म 2019च्या एप्रिलपासून राहायची सोय असलेल्या बोटींना सक्तीचा आहे. फोडणीने वाजतो तो धुराचा अलार्म, म्हणून चिडून दोन्हींच्या बॅटऱ्या काढून ठेवणारे आपलेच लोक आहेत. फोडणी करताना खिडकी उघडा.

लक्षणं ओळखणे

इंजिन जोरात, बोट संथ, काळा धूर, टिलर थरथरतोय: पंख्यात काहीतरी गुंडाळलंय. पिशव्या, दोर, कपडे. साउथॉलजवळ तर निर्माल्यासोबत सोडलेले नारळही तरंगताना दिसतात. इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला, मगच वीड हॅच (पंख्यावरचं झाकण) उघडून हात घाला. झाकण परत घट्ट बसलंय याची खात्री केल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. ते सैल राहिलं तर पंखा पाणी थेट इंजिनच्या खणात उडवतो आणि बोट बुडते.

मागच्या बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या खणात) पाणी वाढतंय: पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो ती स्टर्न ग्लँड थेंब-थेंब गळतेच, पण धार लागता कामा नये. दिवसाचा प्रवास संपला की ग्रीसरचा (ग्लँडमध्ये ग्रीस ढकलणाऱ्या डबीचा) स्क्रू हाताला अडेपर्यंत फिरवा. तरी थांबत नसेल तर पॅकिंग आवळायला किंवा बदलायला झालंय.

सगळे नळ बंद आणि रात्री पंप मधूनच गुरगुरतो: घरगुती पाण्याची गळती कुठेतरी आहे. जोड एकेक करून तपासा आणि केबिनच्या फरशीखाली हात घालून बघा. शोध लागेपर्यंत झोपताना पंपाचा स्विच बंद.

इंजिन धक्के देत बंद पडतं: डिझेलच्या टाकीत पाणी किंवा त्यात वाढणारे जंतू. हिवाळ्यात टाकी भरलेली ठेवली की आत दव कमी साचतं. फिल्टरची जोडी कायम जवळ हवी.

डिसेंबरात भारतात जाताय?

नोव्हेंबर ते मार्च दुरुस्तीसाठी लॉक बंद असतात, त्यामुळे बोट कुठे अडकू शकते ते नोटिसा वाचून आधी ठरवा. फिरत्या लायसन्सवर असाल तर काठाला सोडून जाऊ नका, मरीनात तात्पुरती जागा घ्या. गॅस बंद, बिल्ज पंपाची वीज चालू. नदीवर बांधली असेल तर पूर चढला तरी दोर पुरेल इतकी ढील ठेवा. पाण्याचा पंप बंद करून कॅलॉरिफायरसकट (गरम पाण्याच्या टाकीसकट) सगळी व्यवस्था रिकामी करा आणि सगळे नळ उघडे ठेवा. शॉवरचं डोकं खाली टाकून ठेवायला लोक विसरतात. शॉवरच्या मिक्सर नळात राहिलेलं पाणी गोठतं, तो तडकतो, आणि ते कळतं परत आल्यावर पंप सुरू केल्यानंतर.