एमजी टीसी, टीडीच्या इंजिनाचे बोल्ट: पाना फसवतो, आटे मोजा

१९४५ ते १९५३ च्या एमजी टीसी, टीडी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांच्या एक्सपीएजी इंजिनात आटे मेट्रिक, पण डोकी व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाच्या, पान्याची. त्यामुळे डोक्याच्या मापावरून बोल्ट मागवला की हमखास चुकतो. ८ मिमी बोल्टाला १ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर), म्हणजे इंचाला साधारण २५ आटे. जवळपास तेवढ्याच जाडीच्या ५/१६ इंची यूएनएफला (बारीक इंची आट्यांचं माप) २४. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे गुमान जातो, मग अडकतो. तिथे जोर लावलात तर ब्लॉकमधले आटे गेलेच! थ्रेड गेज (आटे मोजायच्या दातेरी पट्ट्या) लावूनच घ्या. बाजारातला साधा ८ मिमी बोल्ट १.२५ पिचचा, तोही चालत नाही. जुने बोल्ट फेकू नका. शोधायचेच तर इंग्लंडमधल्या ब्यूलीच्या ऑटोजंबलमध्ये, म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात. मॉरिसच्या त्या काळच्या इंजिनांच्या सुट्या भागांचे डबेही चाळा, आटे तिथेही मेट्रिकच. डोक्यावर एकमेकांना चिकटलेली वर्तुळं दिसली तर तो यूएनएफसारखा इंची युनिफाइड आट्यांचा, बाजूला ठेवा.