बोंडावरची खपली, पाणी, रक्त: या चुका टाळा

"नायटा वाटला, म्हणून ट्यूब लावली." सर्जरीच्या ओपीडीत सिस्टर म्हणून काम करताना हे वाक्य ऐकलं की माझा जीव तुटतो. स्तनाच्या बोंडावर खाज, लाली, खपली दिसली की मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणायची, ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक.

पन्नाशी उलटलेल्या एक काकू आल्या होत्या. डाव्या बोंडावर खपली धरायची, निघायची, ब्लाउजला डाग पडायचा. आठ महिने ट्यूब चालू. तिच्यात स्टिरॉइड होतं, त्यामुळे लाली चार दिवस उतरायची आणि काकूंना वाटायचं, बरं होतंय. गाठ हाताला लागत नव्हती, म्हणून घरचेही निर्धास्त. डॉक्टरांनी कातडीचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. निघाला पॅजेट. हा बोंडाच्या कातडीत दिसणारा कर्करोग. बहुतेक वेळा आत स्तनातही कर्करोग असतो. आधी कातडी बिघडते आणि मागाहून स्तनात गाठ येते, हे जेम्स पॅजेट या इंग्रज सर्जनने १८७४ मध्येच लिहून ठेवलं होतं. काकूंचे आठ महिने मात्र ट्यूबने खाल्ले.

मी आल्याआल्या विचारते: एकाच बाजूला की दोन्हीकडे? सुरुवात बोंडावर की भोवतीच्या काळ्या वर्तुळावर? साधा इसब बहुधा वर्तुळावर सुरू होतो, अनेकदा दोन्हीकडे असतो. पॅजेट बोंडापासून पसरतो, बहुतेक एकाच बाजूला. पण हा घरी बसून निकाल लावायचा नियम नव्हे. दोन आठवड्यांत बरं झालं नाही, तर सर्जनला दाखवा.

दुसरी चूक, रोज बोंड दाबून बघणं. दाबल्यावर थेंबभर पाणी अनेकींना येतं. आपोआप येतं का, एकाच छिद्रातून येतं का, हे महत्त्वाचं. मी पांढऱ्या गॉजवर रंग बघते. तुम्ही स्वच्छ पांढरा रुमाल वापरा. आपोआप, एकाच बाजूने रक्त किंवा पाण्यासारखा स्राव आला तर तपासणी हवीच. पुष्कळदा दुधाच्या नळीतली साधी, निरुपद्रवी गाठ निघते, पण ते तपासूनच कळतं. दोन्हीकडून दूध येतंय आणि बाळ अंगावर पीत नाही? मग गोळ्यांची पाकिटं घेऊन या. ॲसिडिटीच्या काही गोळ्यांतलं डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइडही दूध आणतं. मानसिक आजाराच्या गोळ्यांनीही येतं, पण त्या मनाने बंद करू नका.

बोंड वयात आल्यापासून आत असेल तर काळजी नको; अलीकडे ओढलं गेलं असेल तर थांबू नका. वर्तुळावरचे बारीक दाणे नैसर्गिक असतात, फोडू नका. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, नॉर्मल आली तरी रक्त येत असेल तर पुन्हा दाखवा. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो.

आणि डॉक्टर पुरुष आहेत म्हणून दारातून परत जाऊ नका. तपासताना बाई सोबत हवी, असं मोकळेपणाने सांगा. आम्ही पडदा ओढून शेजारी उभ्या राहतो.