जुन्या जीपचा ब्रेक पेडल खाली जायचा, माझा अनुभव
कुंभार्ली घाट उतरताना पेडल स्पंजासारखा लागायला लागला, दोन-तीनदा पंप केला की वर यायचा. मेकॅनिक म्हणाला मास्टर सिलेंडर (पेडल दाबला की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) गेलाय, पण तो गेला की पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसतो, माझा बसत नव्हता म्हणून मला ते काही पटेना. बाहेर कुठे गळती नाही, तरी ब्रेक ऑइल कमी होतंय! मग मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक ड्रम उघडला, व्हील सिलेंडरचं (तेलाच्या दाबाने लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या, ड्रमवर दाबणारा छोटा सिलेंडर) रबर नखाने उचललं आणि टपकन तेल बोटावर, आत बोअरला (सिलेंडरच्या आतल्या भिंतीला) गंज. आमच्या खाऱ्या हवेत दुसरं काय होणार म्हणा. सिलेंडर नि भिजलेले लायनर बदलले, अॅडजस्ट केले, नवीन ऑइल भरून मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून नळ्यांतली एअर (हवा) काढली. पेडल आता दगडासारखा.